पाठ दाखवणे

माझ्या दोन कादंबऱ्यांत मिळून नऊ पुरुष पाठ फिरवून निघून जातात. एक बायकोवर रुसून जातो, एक कर्जापायी जातो, एकाला तर मी स्वतःच कंटाळून घालवून दिले. त्या नऊही पाठींचे वर्णन मी मोठ्या हौसेने केले आहे. कुणाची रुंद, कुणाची ओझ्याने वाकलेली, कुणाची उन्हात तांब्यासारखी चकाकणारी. पण एकीवरही मी साधी पुळी येऊ दिली नाही! कादंबरीतल्या माणसांना घाम येतो. घामोळे येत नाही.

ही चूक माझ्या ध्यानात आली ती २०२४ सालच्या नरकचतुर्दशीला, पहाटे साडेपाचच्या सुमारास. चिंचवडच्या आमच्या घरात मोरीपुढच्या पाटाशी मी कोमट तेलाची वाटी घेऊन बसले होते, आणि माझा भाचा अंगातला बनियन काढायला तयार नव्हता.

विषय दिवाळी अंकाला शोभणारा नाही, हे मला कळते. चकलीचा तुकडा मोडता मोडता वाचायला फोड आणि पुळ्या कुणाला हव्यात? ज्यांना किळस वाटेल त्यांनी खुशाल पान उलटावे. मात्र ज्यांच्या घरात सोळा ते पंचविशीतले मूल आहे त्यांनी उलटू नये, एवढीच विनंती.

भाचा म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. गाव नारायणगावच्या पुढचे. आय. टी. आय. करून तो चाकणकडच्या एका लहानशा कारखान्यात लागला, आणि लागला तो माझ्याच खटपटीने. मी स्वतः मॅट्रिकपलीकडे गेले नाही (आमच्या घरात दहावीला अजून मॅट्रिकच म्हणतात), बालवाडीत मुलांना गाणी शिकवते. पण पोराला कारखान्यात चिकटवून दिल्याचा अभिमान असा काही होता की विचारू नका. कुरुळीला एका खोलीत सहा जण राहत. इकडच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. म्हणून बुधवारी रात्री इंद्रायणीचा पूल ओलांडून, मोशी-भोसरीच्या गर्दीतून रखडत तो आमच्याकडे जेवायला यायचा. सुरुवातीला फार बोलायचा. मग हळूहळू बोलणे आटले. उकाड्यातही सदरा काढीनासा झाला. गावच्या यात्रेतल्या कुस्त्यांना दर साल हौसेने उतरणारा मुलगा, त्या वर्षी पाय मुरगळल्याचे सांगून गेलाच नाही. मी म्हटले, बापावर गेला असेल. माझा भाऊ शेतकऱ्याचा मुलगा असून त्याला पोहता येत नाही. लहानपणी सगळी पोरे विहिरीत उड्या टाकायची आणि हा काठावर सदरा घालून त्यांचे कपडे राखत बसायचा. आमच्या घरातला हा जुना विनोद आहे.

तर त्या पहाटे भाचा म्हणाला, “आत्या, मला तेल नको. मी नुसत्या गरम पाण्याने अंघोळ करतो.”

“अरे, आज अभ्यंग केलं नाही तर नरकात जावं लागतं!”

“जाईन.”

बालवाडीच्या बाईला ‘नाही’ ऐकून घ्यायची सवय नसते. मी बनियन धरला आणि वर ओढला. दोन ठिकाणी तो कातडीला चिकटलेला होता.

खांद्यांपासून कमरेच्या वरपर्यंत जागा म्हणून उरली नव्हती. लाल टपोरे फोड, काहींच्या तोंडाशी पू. काही आतल्या आत दबलेल्या, निळसर, दुखऱ्या गाठी. मधूनमधून काळ्या टोकांचे बारीक ठिपके. आणि ज्या फोडांचे आयुष्य संपले होते त्यांचे जांभळट डाग. मला वाटते, कोणत्याही बाईच्या तोंडून अशा वेळी ‘अगं बाई’ निघेल. माझ्या तोंडून निघाले, “केवढी ही घाण! अंग घासत नाहीस का रे?”

तो काही बोलला नाही. मग मी ती घाण काढायला बसले. तेल लावले, उटणे कालवले, आणि वर काथ्या घेतला. चांगली पाच मिनिटे घासले. तो पाटाच्या दोन्ही कडा घट्ट धरून बसला होता. अंघोळ झाल्यावर अंगठ्याखाली कारीट फोडायचे असते. त्याने ते असे चिरडले की बी लांब तुळशीपर्यंत उडाली. आम्ही सगळे हसलो.

भाऊबीजेपर्यंत त्याची पाठ दुपटीने सुजली.

आता मला जे ठाऊक आहे ते तेव्हा ठाऊक असते तर, असे म्हणण्यात अर्थ नाही. पण ते सांगितलेच पाहिजे. आपल्या कातडीवर प्रत्येक केसाच्या मुळाशी तेलाची एक लहान पिशवी असते. चेहरा, छाती आणि पाठ इथल्या पिशव्या मोठ्या आणि दाट. वयात येताना अंगातल्या संप्रेरकांमुळे त्या जास्त तेल करू लागतात. केस बाहेर येण्याची जी चिंचोळी वाट, तिच्या भिंतीवरच्या मेलेल्या पेशी एकमेकींना चिकटून वाट बुजते. आत तेल साठते, कातडीवर नेहमीच मुक्कामाला असणारे जंतू त्यावर पोसतात, आणि शरीर त्यांच्यावर धावून जाते. त्या धावण्याची खूण म्हणजे लाली, सूज आणि पू. यात मळाचा संबंध कुठेच नाही. काळे टोक दिसते तेही मळाचे नव्हे. बुजलेल्या वाटेचे तोंड उघडे असले की आतला रंगद्रव्याचा बोळा हवेने काळपट होतो, इतकेच. म्हणजे मी जे पाच मिनिटे घासत होते ते आतून बंद झालेले दार बाहेरून लाथा मारून उघडण्यासारखे होते. दार उघडत नाही. चौकट मात्र मोडते.

सुश्रुतसंहितेत या व्याधीला मुखदूषिका म्हटले आहे, आणि तरुणांच्या तोंडावर येणाऱ्या या पुळ्यांना सावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. सावरीचे खोड ज्यांनी पाहिले असेल त्यांना ही उपमा किती नेमकी आहे ते कळेल. पण नाव पडले ते मुखावरून. पाठीला कुणी नावात घेतले नाही. मराठीत तर ‘मुरूम’ हा एकच शब्द रस्त्यावर टाकायचा आणि गालावर यायचा अशा दोन्ही पदार्थांना आहे, आणि चाकणच्या वाटेवर दोन्ही विपुल. पण गालावरचा मुरूम निदान आरशात दिसतो. आई हनुवटी धरून विचारते, मैत्रिणी उपाय सांगतात. पाठीवरचे सदऱ्याखाली झाकून राहते, आणि जे झाकता येते ते माणूस झाकतोच.

उघडकीस आल्यावर मात्र उपायांना तोटा नाही. शेजारच्या काकूंनी लिंबू चोळायला सांगितले. वरच्या मजल्यावरून दातांची पेस्ट लावण्याचा सल्ला आला. गावाहून वहिनीने फोनवर, “उष्णता आहे, सब्जा द्या,” असे सांगितले, आणि एका आजींनी सगळ्यांवर कडी केली, “लग्न करा, आपोआप जाईल!” लिंबाने पाठ जळाली, पेस्टने आणखी जळाली. सब्जाने काही बिघडले नाही, सुधारलेही नाही. लग्नाचा प्रयोग आम्ही केला नाही.

याहून वाईट गोष्टी दोन झाल्या. भाच्याने कुणाच्या तरी सांगण्यावरून औषधाच्या दुकानातून एक मलम आणले होते. बुरशी, जंतू, खाज सगळ्यांवर एकच, असे ते मिश्रण; आणि त्यात स्टेरॉइड. रात्रीतून लाली उतरली. पोर खूश. पंधरा-वीस दिवसांत खांद्यांवर एकसारखे, एका मापाचे बारीक फोड उठले. स्टेरॉइडने सूज दबते म्हणून बरे वाटते. पण पुढे तेच औषध नव्या पुळ्या काढते आणि कातडी पातळ करते. दुसरी गोष्ट आमच्या घरातली. माझे सासरे पिंपरीच्या एच. ए. त, म्हणजे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्समध्ये होते. १९५४ साली स्थापन झालेला, सरकारी मालकीचा देशातला हा पहिला औषधनिर्मितीचा कारखाना. पेनिसिलीन इथे होऊ लागले याचा पिंपरीकरांना केवढा अभिमान! सासरे गेले, पण कोणत्याही फोडावर कॅप्सूल हा त्यांचा संस्कार घरात राहिला. आमच्या ह्यांनी कपाटातली उरलेली पाकिटे काढली आणि भाच्याला आठ-दहा दिवस खायला घातली. पाठ होती तशीच राहिली. उलट छातीवर खाजऱ्या बारीक पुळ्यांची नवी पेरणी झाली.

डिसेंबरात एका बुधवारी भाचा आला आणि जेवता जेवता म्हणाला, “आत्या, मी नोकरी सोडतोय. गावाला जातो.” कारण विचारले तर मान खाली. रात्री तो पालथा झोपला होता. उताणे झोपणे त्याने केव्हाच सोडले आहे, हे मला त्या रात्री कळले. सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके होते. त्याच गुरुवारी मी त्याला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. हे मी पहिल्याच दिवशी का केले नाही? पुळ्यांसाठी कुणी डॉक्टरकडे जाते का, असे वाटत होते म्हणून.

बाईंनी पाठ पाहिली, छाती पाहिली, मग पुढचे हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, “मांड्या दाखव.” मी पडद्याबाहेर आले. आतून आवाज आला, “हात पुसायचं फडकं तू उजव्या खिशात ठेवतोस, हो ना?”

गुप्त पोलिसांच्या गोष्टीत शोभावे असे ते वाक्य होते. उजव्या मांडीवर, बरोबर खिशाच्या आकाराची, केसांच्या मुळाशी उठलेल्या फोडांची चकती होती.

मग कारखान्याची हकीकत बाहेर आली. भाचा ज्या यंत्रावर लोखंडी भाग कातायचा तिथे कातताना जॉबवर तेलाची धार चालू असते. ते पाणी मिसळलेले पांढरे कूलंट नव्हे, निव्वळ तेल. हात, बाह्या, पोट, मांड्या दिवसभर तेलात. यंत्राजवळ पुसायला चिंध्या. त्या चिंध्यांत लोखंडाची बारीक बर अडकलेली. तीच चिंधी हातावरून फिरली की डोळ्यांना न दिसणारे ओरखडे उठतात, त्यांत तेल जाते, केसांची मुळे बुजतात आणि केसतोडासारखे फोड येतात. शिफ्ट सुटल्यावर हात धुवायला साबणाऐवजी रॉकेल. गणवेशाचे जोड दोन. एक धुऊन वाळेपर्यंत दुसरा तेलकटच अंगावर. वर पाठीला घट्ट बॅग आणि तासभर बसच्या रेक्झिनच्या गादीला टेकलेली घामेजली पाठ. दाब, घर्षण, घाम आणि कोंडलेली ऊब यांनी मुळातल्या पुळ्या आणखी भडकतात. तक्रार केली तेव्हा सुपरवायझरने ऐकवले होते, “तेल लागणारच. जमत नसेल तर रस्ता मोकळा आहे.” कंत्राटावरचा मुलगा, तो तरी काय बोलणार?

म्हणजे मी ज्याला एक ‘घाण’ म्हटले होते त्या तीन निरनिराळ्या गोष्टी होत्या. पाठीवर वयातल्या खऱ्या पुळ्या; मांड्या-हातांवर तेलाचे फोड; आणि छातीवर बुरशीचे. ही तिसरी जात ओळखण्याजोगी आहे: सगळ्या पुळ्या एका मापाच्या, खाज फार, काळी टोके नाहीत. कातडीवर राहणारी यीस्टच्या जातीची बुरशी केसांच्या मुळात वाढते. घामाने वाढते, आणि अँटिबायॉटिकने तिच्या वाटेतले जंतू दूर झाले की आणखीच माजते. तिला बुरशीचे औषध लागते. (इथे एक गोष्ट सांगायचा मोह होतो. एच. ए. मधल्याच डॉ. थिरुमलाचार यांनी १९६० च्या सुमारास बुरशी मारणारे हमायसिन शोधले. ज्या जीवाणूपासून ते मिळाले तो पिंपरीच्या मातीतला, आणि त्याचे शास्त्रीय नावही पिंपरीवरून ठेवले आहे, स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना. सासऱ्यांनी ही अर्धी गोष्ट आम्हाला सांगितली असती तर!)

उपचार म्हणाल तर दिसायला अगदी साधे. मलम आणि कपाटातल्या कॅप्सूल त्याच दिवशी बंद. छातीसाठी बुरशीनाशक लोशन. पाठीसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइडचे, धुण्याच्या जातीचे औषध. ते ओल्या अंगावर बोटांनी लावायचे, तीन ते पाच मिनिटे राहू द्यायचे आणि धुऊन टाकायचे. पहिले पंधरा दिवस एक दिवसाआड, मग सोसेल तसे रोज. जोर कमी असलेले, अडीच किंवा पाच टक्क्यांचे घ्यायचे. दहा टक्क्यांनी गुण जास्त येतो असे नाही, आग मात्र जास्त होते. रात्री कोरड्या पाठीवर ॲडॅपलीन जेलचा पातळ थर. तो बुजलेल्या वाटा हळूहळू मोकळ्या करतो. कातडी सुटू लागली की तेल नसलेले साधे मॉइश्चरायझर. फोड फोडायचे नाहीत, कारण छाती-खांद्यांवरच्या जखमेचा वण कधी कधी जाड होऊन वाढतच राहतो. खोल गाठींसाठी पुढे काही आठवडे गोळ्याही होत्या. त्यांचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण लिहिले की कुणीतरी ते नाव घेऊन थेट दुकानात जाईल. त्यांतल्या एका जातीच्या गोळ्या गर्भाला फार घातक असतात आणि ॲडॅपलीनही गरोदरपणात वापरत नाहीत, तेव्हा मुलींनी तर डॉक्टरांना विचारल्यावाचून काही करूच नये. पुळ्यांबरोबर पाळीही अनियमित असेल तर तेही सांगावे.

खाण्याविषयी मी कान टवकारून बसले होते. मिरचीवर आणि फराळाच्या तेलावर खापर फुटेल अशी माझी खात्री होती. बाई म्हणाल्या, तिखट-तेलकटाविरुद्ध भक्कम पुरावा नाही. पांढरी साखर-मैदा, आणि काहींच्या बाबतीत दूध, यांचा थोडाफार संबंध दिसतो. व्यायामशाळेतली दुधाच्या भुकटीची डबडी मात्र बंद कर. माझ्या चकल्या निर्दोष सुटल्या!

“आणि उटणं?” मी हळूच विचारले.

“हातापायांना लावा. पाठीला काथ्या, घासणी, खरखरीत काही नको. खोबरेलही नको.” माझ्याकडे न पाहता त्या लिहीत होत्या. भाच्यानेही माझ्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर बरे झाले असते.

खरी अडचण पुढेच होती, आणि ती कोणत्याही चिठ्ठीत नसते. आपली पाठ आपल्या हाताला पोचत नाही. तोंडाचा रोग माणूस एकट्याने सांभाळू शकतो. पाठीला दुसरे माणूस लागते. कुरुळीच्या खोलीत सहा जणांना एक मोरी, सकाळी पाण्याची घाई, आणि त्यात हा रोज पाच मिनिटे अंगाला फेस लावून उभा राहणार? आणि लावणार कोण? पहिल्या आठवड्यात त्याने लाकडी उलथन्याला फडके गुंडाळून प्रयत्न केला. औषध भिंतीला लागले.

मग एका रात्री त्याच्या खोलीतल्या लातूरकडच्या मुलाने ते पाहिले. “दे इकडं,” म्हणाला, आणि लावून दिले. धुऊन झाल्यावर त्याने निमूटपणे आपला सदरा काढला. त्याचीही पाठ तशीच. दोन दिवसांत कळले, सहांपैकी चौघांची तशी आहे. एका खोलीत, एकमेकांच्या अंगाला अंग लावून झोपणारी ही मुले. वर्षभर कुणी कुणाला पाठ दाखवली नव्हती. पुढे चौघेही डॉक्टरांकडे गेले. शिफ्टवरून आल्यावर एकमेकांच्या पाठीला औषध लावायचे आणि मोबाइलवर एक गाणे लावायचे. गाणे संपले की पाणी. भाचा मला हे सांगू लागला तेव्हा कित्येक महिन्यांनी तो पूर्वीसारखा बोलत होता.

बाकी उपाय बिनपैशाचे. शिफ्ट संपली की शक्य तितक्या लवकर कोमट पाणी आणि सौम्य साबण; ओला बनियन अंगावर वाळू द्यायचा नाही. जादा सुती बनियन डब्याबरोबर न्यायचा आणि जेवणाच्या सुट्टीत बदलायचा. डोके आधी धुवायचे, पाठ शेवटी. नाहीतर केसांचे तेल आणि शाम्पूचा अंश पाठीवरच उतरतो. बॅग पाठीवरून हातात. गणवेश घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळा, गरम पाण्यात. खिशातले फडके हद्दपार. तेल न झिरपणारा ॲप्रन त्याने स्वतःच्या पैशाने घेतला. तो खरे म्हणजे कारखान्याने द्यायचा. माझे तोंड इथे कडू होते, पण पुढे जाते.

एक गंमत राहिली. माझे दोन निळे टॉवेल त्या हिवाळ्यात ठिकठिकाणी पांढरे-नारिंगी पडले. मी साबणाला दोष दिला, मग दोरीवर शेजारी वाळणाऱ्या कपड्यांना. एका शेजारणीशी जवळजवळ अबोला धरला. बेन्झॉइल पेरॉक्साइड कापडाचा रंग खाते, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते. मी त्या वेळी उटण्याचा विचार करीत होते. त्या औषधाला पांढरा टॉवेल आणि पांढरीच चादर लागते.

गुण लवकर येत नाही. पहिले दोन-तीन आठवडे तर पाठ जास्तच खवळल्यासारखी दिसली. सहाव्या आठवड्यात त्याने बाटली कोपऱ्यात ठेवून दिली होती. लातूरकराने ती काढली. दोन-अडीच महिन्यांनी नव्या पुळ्या थांबू लागल्या. मांडीवरची चकती त्याआधीच गेली होती. होळीच्या सुमारास तो माझ्या घरी उताणा झोपला. मी दिवा मालवायला गेले होते. तशीच थोडा वेळ उभी राहिले.

डाग आहेत. ते फिके होतील, पण वर्ष लागेल, असे बाई म्हणतात. चार-पाच ठिकाणी खड्डे आहेत, ते जाणार नाहीत. त्यांतले किती आधीचे आणि किती माझ्या काथ्याचे, हे मी विचारले नाही. नोकरी त्याने सोडली नाही. यंत्र बदलून मिळाले.

२०२५ च्या गणपतीत भाऊ आमच्याकडे आला. पाऊस थांबला होता आणि उकाडा होता. रात्रीची जेवणे झाल्यावर भाच्याने गॅलरीत बनियन काढला आणि पाठ करून बसला; जेल लावायची वेळ होती. मी नळी घेतली तर भाऊ म्हणाला, “आण इकडं, मी लावतो.” एका बोटाने, घाई न करता, तो लावत होता. लावून झाल्यावरही बराच वेळ तो त्या डागांकडे बघत राहिला.

मग त्याने आपला सदरा काढला. बावन्न वर्षांच्या माझ्या भावाची उघडी पाठ मी बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिली. खांद्यांपासून खाली सगळी खड्ड्याखड्ड्यांची, पावसाचे थेंब पडून वाळलेल्या मातीसारखी. डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या, हे घराण्यातून येते.

“बाबा, तुम्ही कधी बोलला नाहीत,” भाचा म्हणाला.

“काय बोलायचं? विहिरीवर पोरं हसली एकदा. मग मी उतरलोच नाही.” तो माझ्याकडे वळला. “आईला वाटायचं मी अंग धूत नाही. दर दिवाळीला पाटावर बसवून घासायची. तू कंदील धरून उभी असायचीस.”

मी सात-आठ वर्षांची असेन. कंदील मला आठवतो. त्याची काच तापायची म्हणून मी तो या हातातून त्या हातात घ्यायची, तेही आठवते. पाठ आठवत नाही.